रेंज फुल्ल, तरी वायफाय गेलं कसं?

मोठ्या रुग्णालयात, कॉलेजात किंवा ऑफिसात हे तुमच्याही वाट्याला आलं असेल. मोबाइलवर वायफायची रेंज फुल्ल दिसते, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजशेजारचं घड्याळ काही जात नाही. अर्ध्या-पाऊण मिनिटाने वायफायचं नावच यादीतून गायब होतं. दोनेक मिनिटांनी ते गुपचूप परत येतं. आयटीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "कंट्रोलर फेलओव्हर झाला." ऐकणारा मान डोलावतो, कळलं कुणालाच नाही, आणि सगळे आपापल्या कामाला लागतात.

तो आयटीवाला म्हणजे मी, किंवा माझ्यासारखा कुणीतरी. आणि खरं सांगायचं तर "फेलओव्हर झाला" हे वाक्य आम्ही ज्या ऐटीत फेकतो तेवढं ते सरळ नसतं. दोन मिनिटांत परत आलं तर ते यश आहे. न येण्याची कारणं भरपूर, आणि त्यातली बरीचशी आमचीच.

छतावरचा डबा स्वतः फारसा हुशार नसतो

घरातला राउटर एकटाच सगळं करतो. पासवर्ड तपासतो, पत्ते वाटतो, इंटरनेटकडे रस्ता दाखवतो. घराला तेवढं पुरतं. पण दीड-दोनशे डबे लागतील अशा इमारतीत प्रत्येक डबा आपल्या मनाने वागू लागला तर शेजारी शेजारी एकाच चॅनेलवर ओरडत बसतील, आणि एक पासवर्ड बदलायचा तर दोनशे ठिकाणी बदलावा लागेल. म्हणून मोठ्या जागी डोकं एकीकडे आणि हातपाय दुसरीकडे ठेवतात. छताला लावलेला पांढरा डबा म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट, आमच्या भाषेत एपी. तो रेडिओचं काम करतो. निर्णय घेणारं डोकं सर्व्हर रूममधल्या रॅकवर असतं, त्याला कंट्रोलर म्हणतात. तो बंद पडला की त्याचं काम दुसऱ्या कंट्रोलरने आपणहून उचलणं, याला फेलओव्हर म्हणायचं. शब्द एवढे तीनच लक्षात ठेवा.

आता लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. एपी म्हणजे वाढपी. कंट्रोलर म्हणजे कोठीच्या किल्ल्या कमरेला लावून बसलेले काका. कुठल्या पंगतीला काय जायचं, जिलबी किती उरली, वऱ्हाडातल्या कोणाला पथ्याचं लागतं, सगळं काकांच्या डोक्यात. वाढपी बादली घेऊन कोठीकडे जातो, काका देतात ते आणून वाढतो.

बऱ्याच मोठ्या इमारतींत वायफाय असंच चालतं. तुमच्या मोबाइलने पाठवलेला मजकूर एपीकडे जातो, एपी तो एका बंद पाकिटात घालून कंट्रोलरकडे पाठवतो, आणि तिथून तो पुढच्या जगात जातो. या पाकिटांच्या पद्धतीला कॅपवॅप म्हणतात. २००९ साली आरएफसी ५४१५ या, इंटरनेटचे नियम लिहिलेल्या कागदाने ती ठरवून दिली. सूचनांची पाकिटं ५२४६ क्रमांकाच्या दारातून जातात, तुमचा मजकूर ५२४७ च्या. हे दोन आकडे पुढे एकदा लागतील.

काकांना चक्कर आली तर? वाढपी पंगतीत उभाच असतो. पाहुण्याला तो दिसतो. पण बादली रिकामी. रेंज फुल्ल आणि नेट नाही, ते नेमकं हे. तुमच्या मोबाइलचं आणि छतावरच्या डब्याचं नातं शाबूत आहे. डब्याचं आणि कोठीचं तुटलंय, आणि ते डब्याला अजून उमगलेलं नाही.

मग उमगतं कधी?

एपी ठरावीक अंतराने कंट्रोलरला हाक मारतो, "आहात ना?" तिकडून "आहे" आलं की झालं. सिस्को या कंपनीच्या जुन्या, एअरओएस सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या कंट्रोलरांवर ही हाक आपण काही न बदलल्यास दर ३० सेकंदांनी जाते. उत्तर नाही आलं तर एपी लगेच घाबरत नाही. तो तीन-तीन सेकंदांच्या अंतराने आणखी पाच वेळा विचारतो. म्हणजे वाईटात वाईट ३० अधिक १५, पंचेचाळीस सेकंद. तुम्ही ज्या पाऊण मिनिटात मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून परत काढता, ते हे.

त्यानंतर एपी आपला रेडिओ बंद करून दुसरा कंट्रोलर शोधायला निघतो, म्हणून वायफायचं नाव गायब होतं. नवा सापडला की ओळखपत्र दाखवणं, कुलूपबंद बोगदा तयार करणं, सगळ्या सूचना नव्याने घेणं, मग रेडिओ चालू. माझ्या अनुभवात सगळं नीट असेल तर मिनिट-दीड मिनिट.

इथे नेहमीचा प्रश्न येतो: मग ती हाक सेकंदाला एक करा ना! करता येते. वेगळी जलद हाक लावायची सोय आहे, तिला एक ते दहा सेकंदांची मर्यादा आहे. फेरविचारणाही पाचाच्या तीन आणि तीन सेकंदांऐवजी दोन सेकंदांवर आणल्या तर हिशोब सात सेकंदांपर्यंत येतो. पण इतका उतावळा वाढपी काका तंबाखू मळायला बाजूला झाले तरी "काका गेले!" म्हणून बोंब ठोकतो. मधला स्विच, म्हणजे एपी आणि कंट्रोलर यांच्या वायरी जोडणारं यंत्र, क्षणभर अडखळला की दीडशे एपी एकदम घर सोडून पळतात, आणि जिथे काहीच बिघडलं नव्हतं तिथे वायफाय खरोखर जातं. एकाच इमारतीत सगळं असेल तर मी हाक थोडी जलद करतो. कंट्रोलर दुसऱ्या गावात आणि मधे भाड्याची लाइन असेल तर हातही लावत नाही.

दुसऱ्याचा पत्ता कोणाकडे असतो?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. लोकांना वाटतं, दुसरा कंट्रोलर रॅकवर चढवला, वीज दिली, की पहिला पडताच तो आपोआप सूत्रं हातात घेईल. तसं नाही. नेहमीच्या मांडणीत शोधायचं काम एपीचं आहे. कोठीवर दुसरे काका बसलेत हे वाढप्याला आधीच कुणीतरी सांगून ठेवायला हवं.

ते सांगायचे मार्ग तीन-चार आहेत. पहिला आणि खात्रीचा म्हणजे प्रत्येक एपीवर पहिल्या, दुसऱ्या आणि हवा तर तिसऱ्या कंट्रोलरचं नाव आणि पत्ता लिहून ठेवणं. नाव अक्षर न् अक्षर जुळावं लागतं; इंग्रजीतलं मोठं-लहान अक्षर बदललं तरी एपीच्या लेखी तो वेगळाच माणूस. दुसरा मार्ग, सगळ्या कंट्रोलरांना एका गटात घालून त्यांची आपापसात ओळख करून देणं, म्हणजे पहिला चालू असतानाच एपीला बाकीच्यांची नावं कळवतो. तिसरा, एपीला आयपी पत्ता देणारा जो डीएचसीपी सर्व्हर असतो त्याच्या ४३ क्रमांकाच्या रकान्यात कंट्रोलरांचे पत्ते भरणं. डीएनएसमध्येही, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीतही, एक ठरावीक नाव नोंदवून ठेवता येतं.

एका रुग्णालयात, गावाचं नाव नको, जुन्या इमारतीतल्या एपींवर मी दोन्ही नावं नीट भरली होती. वर्षभराने शेजारी नवी इमारत झाली. नवे एपी लावले, पहिल्या कंट्रोलरवर हिरवे दिसले, बिल गेलं, विषय संपला. दुसऱ्याचं नाव भरायचं राहिलं. दोन कंट्रोलरांचा गटही केलेला नव्हता. एका रात्री यूपीएसच्या कामात पहिला बंद झाला. जुन्या इमारतीत दीड मिनिटात सगळं सुरळीत. नव्या इमारतीत प्रत्येक डब्यावरचा दिवा लाल-हिरवा-बंद, लाल-हिरवा-बंद. वॉर्डमधल्या सिस्टर टॅबलेट हातात धरून म्हणाल्या, "दादा, पलीकडे चालतंय, मग इकडेच काय झालंय?" खरं उत्तर द्यायचं तर "मी झालोय" असं द्यावं लागलं असतं. मी म्हणालो, "बघतोय."

घाईघाईत ४३ च्या रकान्यात दुसरा पत्ता जोडला आणि तरी काही होईना. तो रकाना सोळा-पायाच्या आकड्यांत भरतात. सुरुवातीला एफ१, मग पुढे किती बाईट आहेत ते, मग पत्ते. एका पत्त्याला चार बाईट म्हणून तिथे ०४ असतं. मी दुसरा पत्ता चिकटवला पण ०४ चं ०८ केलंच नव्हतं. बारा वाजून गेल्यावर हे दिसलं. एक आकडा बदलला, एपी एकेक करून पुन्हा उठले, दिवे निळे व्हायला लागले.

शेजारच्या मांडवातले काका, की जोडीला बसलेले काका?

दुसरा कंट्रोलर ठेवायच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत, आणि खरेदी करताना हा फरक सहसा कुणी समजावत नाही.

पहिल्या तऱ्हेत दुसरा कंट्रोलर स्वतंत्र असतो. शेजारच्या मांडवातले काका समजा. त्यांची कोठी वेगळी, वही वेगळी. इकडचे पडले तर इकडचे वाढपी तिकडे जातात. स्वस्त पडतं, कारण तीन-चार मांडवांना मिळून एकच राखीव काका पुरतात. दोघं वेगवेगळ्या शहरांतही असू शकतात. वर सांगितलेलं मिनिट-दीड मिनिट या तऱ्हेचं.

पण वह्या वेगळ्या, हे विसरायचं नाही. पहिल्यावर तुम्ही डॉक्टरांसाठी नवं वायफाय नाव काढलंत आणि दुसऱ्यावर काढायला विसरलात, तर फेलओव्हर अगदी वेळेत होईल. सगळे एपी हिरवे दिसतील. फक्त डॉक्टरांचं वायफाय अस्तित्वातच नसेल.

दुसऱ्या तऱ्हेत दोघं एकाच गादीवर शेजारी बसतात. मॉडेल एकच, सॉफ्टवेअर एकच, जगाला दिसणारा पत्ताही एकच. एक बोलतो, दुसरा गप्प बसून त्याची वही अक्षरशः उतरवत राहतो. दोघांमध्ये एक खास केबल असते आणि तिच्यावरून, सिस्कोच्या मांडणीत, दर १०० मिलिसेकंदांनी एकमेकांची चाहूल घेणं चालू असतं. बोलणारा कोसळला की गप्प असलेला त्याच आवाजात पुढचं वाक्य बोलतो. वाढप्याला माणूस बदलल्याचा पत्ताच लागत नाही. सुरुवातीला एअरओएसच्या ७.३ आवृत्तीत एवढं एपीपुरतंच जमायचं, मोबाइलना मात्र पुन्हा जोडून घ्यावं लागायचं, ७.५ पासून मोबाइलही धरून ठेवले जाऊ लागले. तेही पूर्ण लॉगिन झालेलेच. जो नेमका त्या क्षणी पासवर्ड टाकत होता तो पुन्हा पहिल्यापासून.

मग हीच तऱ्हा सगळीकडे का नाही? एक तर पैसे: शेजारी बसलेल्या काकांना दुसरं कामच नसतं. आणि वही उतरवून घेतली जाते म्हणजे चुकाही उतरवल्या जातात. दुपारी तीन वाजता मी पहिल्यावर काही चुकीचं केलं तर तीन वाजून काही क्षणांनी दुसऱ्यावरही तेच. यंत्र मेलं तर ही जोडी वाचवते. माणूस चुकला तर नाही.

आणखी एक भीती इथली. मधली केबलच तुटली तर? दोघांनाही वाटतं दुसरा गेला, दोघंही एकाच पत्त्यावरून बोलायला लागतात. हे टाळायला दोघांमध्ये दुसरा एक रस्ता ठेवतात आणि गेटवेपर्यंत, म्हणजे नेटवर्कच्या बाहेरच्या दारापर्यंत, आपण पोचतोय का हेही तपासत राहायला सांगतात. ती तपासणी बंद ठेवू नका, एवढंच सांगतो.

इतर कंपन्यांत नावं बदलतात. अरुबाकडे एलएमएस आणि बॅकअप एलएमएस, म्हणजे मुख्य आणि राखीव कंट्रोलर, अशी जोडी आहे, आणि त्यांच्या सॉफ्टवेअरच्या आठव्या आवृत्तीपासून कंट्रोलरांचा क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारा गट, करता येतो. विचार तोच.

आवृत्तीचा फास

एपी नव्या कंट्रोलरकडे गेला की दोघांचं सॉफ्टवेअर जुळतं का हे आधी पाहिलं जातं. नाही जुळलं तर एपी कंट्रोलरचं सॉफ्टवेअर उतरवून घेतो, स्वतःवर चढवतो आणि पुन्हा चालू होतो. एका एपीला काही मिनिटं. पण शंभर-दीडशे एपी एकाच वेळी तीच फाइल मागायला लागले की अर्धा तास कुठे गेला कळत नाही. आणि पहिला कंट्रोलर बरा झाल्यावर एपी तिकडे परतले, की जुनं सॉफ्टवेअर पुन्हा उतरवणार. एका बिघाडात दोन मोठ्या खोळंब्यांची सोय. राखीव कंट्रोलर कुणी रोज वापरत नाही, म्हणून त्याचं सॉफ्टवेअर मागे पडतं, आणि नेमका हाच फास बसतो.

घड्याळाचंही तसंच. एपी आणि कंट्रोलर एकमेकांची डिजिटल प्रमाणपत्रं तपासतात, त्यावर मुदत असते. राखीव कंट्रोलरचं घड्याळ काही वर्षं मागे असेल तर त्याला समोरचं खरं प्रमाणपत्रही खोटं वाटतं.

परत येणं हेही एक जाणंच

पहिला कंट्रोलर उठला. आता एपींनी परतायचं का? परतण्याची सोय चालू असेल तर दुसऱ्याकडे बसलेला एपी, सिस्कोत काही न बदलल्यास, दर १२० सेकंदांनी पहिल्याची चौकशी करतो आणि तो दिसला की निघतो. म्हणजे भर दुपारी ओपीडी चालू असताना वायफाय पुन्हा मिनिटभर जाणार. त्यात पहिला अर्धवटच बरा झालेला असेल, दर दहा मिनिटांनी पडत असेल, तर एपींची नुसती ये-जा. मी रुग्णालयात ही सोय बंद ठेवतो आणि रात्री हाताने परत आणतो. माझे काही सोबती याच्या उलट करतात, कारण राखीव यंत्रावर ओझं राहू नये. दोघांचं बरोबर आहे. फक्त ठरवून केलेलं असावं.

राखीव यंत्र लहान असेल तर ओझ्याचा प्रश्न खराच. सिस्कोचा ९८००-एल हा धाकटा कंट्रोलर मूळ परवान्यावर २५० एपी सांभाळतो. तीनशे एपी त्याच्याकडे धावले तर पन्नास दाराबाहेर. अशा वेळी एपींना १ ते ४ असा मान देता येतो, चार म्हणजे सर्वांत महत्त्वाचा. आयसीयूचा चार असलेला एपी उशिरा पोचला तरी कँटीनच्या एक असलेल्याला उठवून जागा घेतो. पण मुळात सगळ्यांना १ हाच मान दिलेला असतो आणि ही व्यवस्था वेगळी चालूही करावी लागते. नाहीतर आधी पोचेल त्याला जागा, आणि कँटीन सर्व्हर रूमच्या जवळ असतं.

"दोन घेतलेत ना, मग आता काय?"

हा प्रश्न मला बिल मंजूर करणाऱ्या साहेबांकडून येतो, आणि त्यांचा राग रास्त असतो. दोन कंट्रोलर घेतले, पण दोघांची वायर एकाच यूपीएसला. किंवा दोघं एकाच स्विचवर. स्विच गेला की दोन्ही काका एकाच खाटेवर. दुसरं म्हणजे पासवर्ड तपासणारा रेडियस सर्व्हर. त्याच्याकडे कोणाकोणाकडून चौकशी घ्यायची याची यादी असते, आणि तिच्यात दुसऱ्या कंट्रोलरचं नाव नसेल तर तो त्याला दारातच उभा करतो. एपी जोडलेले, वायफायचं नाव दिसतंय, पासवर्ड बरोबर, तरी कुणीही आत जाऊ शकत नाही. फायरवॉलचंही असंच: ५२४६ आणि ५२४७ ही दारं पहिल्या कंट्रोलरपुरती उघडलेली असतात आणि दुसऱ्यापुढे भिंत. बिघाडाच्या रात्रीपर्यंत हे कशातही दिसत नाही.

डोकंच वेगळं ठेवलं नाही तर?

कोठीतला माल आधीच मांडवात आणून ठेवता येतो. बँकेच्या लहान शाखा असं करतात. कंट्रोलर मुख्यालयात, पण शाखेतला मजकूर शाखेतूनच बाहेर जातो. सिस्कोत याला फ्लेक्सकनेक्ट म्हणतात. मुख्यालयाशी संबंध तुटला तरी बसलेले पाहुणे जेवत राहतात. साधा पासवर्ड असेल तर नवे पाहुणेही बसतात. माणसागणिक वेगळं लॉगिन असेल तर त्याची तपासणीही शाखेत करायची तजवीज हवी.

क्लाउडवरून चालणारे एपी, उदाहरणार्थ मेराकी, याच वाटेने आणखी पुढे गेलेत. डोकं इंटरनेटवर, पण तुमचा मजकूर तिकडे जात नाही. क्लाउड दिसेनासा झाला तर एपी शेवटच्या सूचनांवर चालत राहतो, बदल तेवढे करता येत नाहीत. लहान शाळा किंवा दवाखान्याने मला विचारलं तर मी आता हेच सुचवतो. दोन कंट्रोलर विकत घेऊन त्यांची कधीच रंगीत तालीम न करण्यापेक्षा ते बरं.

तालीम म्हणजे काय?

तालीम स्क्रीनवरून "रीस्टार्ट" दाबून होत नाही. व्यवस्थित बंद होणारा कंट्रोलर निरोप घेऊन जातो. खरा बिघाड निरोप घेत नाही. रविवारी पहाटे, सगळ्यांना सांगून, वायर ओढायची. एक लॅपटॉप अखंड पिंग करत, म्हणजे नेटवर्कला "आहेस का?" विचारत ठेवायचा, कुठलं उत्तर गेलं आणि कुठलं परत आलं ते मोजायचं. एका मोबाइलवर कॉल चालू ठेवून मजल्यामजल्यावरून चालायचं. आणि पडद्यावरचे आकडे जुळले तरी ही फेरी मारायचीच.

त्या नव्या इमारतीच्या रात्रीनंतर दोन आठवड्यांनी आम्ही तिथे तालीम केली. वायर ओढली तेव्हा पहिल्या कंट्रोलरवर १८३ एपी होते, एक मिनिट दहा सेकंदांनी दुसऱ्यावर १८३. मी खुशीत फेरी मारायला निघालो. तिसऱ्या मजल्यावर, चादरी ठेवतात त्या खोलीबाहेर, एक डबा लाल-हिरवा-बंद करत होता. खरेदीच्या कागदावर आकडा १८४ होता. खुर्ची टाकून बसलेले वॉचमन काका वर न बघताच म्हणाले, "तो होय साहेब? तो लावला त्या दिवसापासून असाच लुकलुकतोय."